अडकलेला चिमटा: बोल्ट काढायचा कसा आणि त्याचं बिल करायचं कसं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या स्प्लेंडरचा चिमटा, म्हणजे स्विंग आर्म, खोलताना दाखवलाय. व्हिडिओत हात दिसतात, पाने दिसतात, पण हिशोब दिसत नाही. म्हणून हा लेख. कामाच्या पायऱ्या इथे लिहून देतोच, सोबत या एका कामातून गॅरेजचे पैसे कसे जातात आणि कसे वाचवायचे, तेही सांगतो.

ज्यांना गॅरेज टाकायचं आहे, त्यांच्यासाठी हा धडा थेट कामाचा आहे. ज्यांना मोबाईल रिपेअरिंग, प्लंबिंग, एसी सर्व्हिसिंग किंवा शिलाईच्या मशीन दुरुस्तीचा धंदा करायचाय, त्यांनीही वाचा. प्रत्येक दुरुस्तीच्या धंद्यात एक "अडकलेला बोल्ट" असतो. बाहेरून दीड तासाचं दिसणारं काम दिवसभर खातं, आणि दर तर तुम्ही सकाळीच बोलून बसलेले असता.

आधी चिमटा म्हणजे काय ते बघू

गाडीचं मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मध्ये बसतं, तो चिमटा. पुढच्या बाजूला तो फ्रेमला एका लांब बोल्टवर टांगलेला असतो. खड्डा आला की चाक वर जातं, चिमटा त्या बोल्टभोवती हलतो आणि शॉकअप दाबला जातो. हा बोल्ट फ्रेमच्या एका कानातून आत शिरतो, चिमट्याच्या बुशमधून जातो आणि दुसऱ्या कानातून बाहेर येतो. पलीकडे नट.

स्प्लेंडर किंवा सीडी १०० सारख्या गाड्यांमध्ये हा बुश रबराचा असतो. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, आणि मध्ये दोघांना चिकटवलेलं रबर. नट आवळला की आतली नळी दोन कानांमध्ये घट्ट दाबली जाते. चिमटा हलतो तेव्हा नळी आणि बोल्ट जागेवरच राहतात, रबर तेवढं पिळतं. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

तो अडकतो का?

बोल्ट आणि नळी एकमेकांवर घासतच नाहीत. कारखान्यातून गाडी आली तशी ती जोडी वर्षानुवर्षं गप्प बसून असते. त्या बारीक फटीत पाणी शिरलं की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. फट भरते, गंज दाबला जातो आणि बोल्ट व नळी एक होऊन बसतात.

स्प्लेंडर १९९४ मध्ये आली, सीडी १०० तर त्याआधी १९८५ मध्ये. हिरो आणि होंडाने वेगळं व्हायचं ठरवलं २०१० च्या डिसेंबरात. म्हणजे टाकीवर "हिरो होंडा" लिहिलेली गाडी तुमच्या दारात आली, तर ती दहा वर्षांच्या पुढचीच आहे. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं. ते संपत आलं की मालक नूतनीकरणासाठी गाडी तयार करायला आणतो, आणि त्या वेळी कितीतरी गाड्यांचा चिमटा पहिल्यांदाच खोलला जातो.

आमच्या चिपळूणचं आणखी एक कारण आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि असंख्य गाड्या चिखलाच्या पाण्यात उभ्या राहिल्या. नंतर लोकांनी ऑइल बदललं, कार्बोरेटर साफ केला, वायरिंग पाहिलं. गाडी चालू झाली म्हणजे काम झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. चिमट्याच्या बोल्टला कोण हात लावणार? त्या गाड्या आजही कामाला येतात.

तिसरा प्रकार मासळीवाल्यांच्या गाड्यांचा. हर्णैसारख्या बंदरावरून मासळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडीवर मागे क्रेट असतो. त्यातून बर्फाचं खारट पाणी रोज चिमट्यावर टपकतं. अशी गाडी पाच वर्षांची असली तरी चिमट्यापुरती पंधरा वर्षांची समजा.

तर पहिला नियम असा: दर सांगण्याआधी गाडीचं वय आणि तिचा धंदा विचारा. "गाडी कितीची? कुठे उभी असते? पुरात होती का? काय वाहता?" या चार प्रश्नांना एक मिनिट लागतो.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी डबल स्टँडवर घ्या. चिमट्याची दांडी हाताने धरून डावी-उजवीकडे हलवा. "टक टक" लागलं तर बुश गेलाय. चाक धरून हलवू नका, त्यात चाकाच्या बेअरिंगचा खेळही मिसळतो आणि निदान चुकतं.

आता नट सोडवा, पण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. बोल्टच्या डोक्याला गोटी पाना लावून हळू फिरवा. चारपैकी एक उत्तर मिळेल.

१. बोल्ट मोकळा फिरतो आणि ठोकल्यावर सरकतो. साधं काम. नेहमीचा दर.

२. थोडा फिरतो आणि सोडला की परत येतो. बोल्ट नळीला चिकटलाय आणि तुम्ही रबर पिळताय. पाना कितीही लांब घेतला तरी तो असाच परत येणार.

३. गोल गोल फिरतो, पण बाहेर येत नाही. रबर फाटलंय, नळी बोल्टबरोबर फिरतेय. नवीन पोरांना वाटतं सुटला. सुटलेला नाही. नळी कानाच्या भोकापेक्षा जाड असते, ती बोल्टबरोबर बाहेर येऊ शकत नाही.

४. अजिबात हलत नाही. नळीबरोबर फ्रेमच्या कानातही गंज धरलाय. सर्वात वेळखाऊ.

ही तपासणी ग्राहकासमोर करा. त्याच्याच हातात पाना देऊन बोल्ट परत येतो ते त्याला जाणवू द्या. पुढच्या दहा वाक्यांचं काम तिथेच होतं. तपासून झालं की नट परत पूर्ण आवळा. सैल नटावर गाडी रस्त्यावर पाठवायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा नाही.

काढण्याची शिडी

उत्तर २, ३ किंवा ४ आलं तर खालची शिडी. खालून वर जायचं, मधली पायरी गाळायची नाही. खालच्या पायऱ्यांना वेळ लागतो, पण नुकसान होत नाही. वरच्या पायऱ्या पटकन होतात, पण काहीतरी तुटतं किंवा कापलं जातं.

पायरी १: भिजवणं. बोल्टची दोन्ही टोकं, आणि कान व चिमट्याच्या मधली फट, तारेच्या ब्रशने घासून घ्या. घाण बसलेली असेल तर तेल आत जाणारच नाही. मग गंज सोडवणारा स्प्रे दोन्ही बाजूंनी मारा. ब्रेकचा ड्रम आणि टायर कापडाने झाका, तिथे तेल जाता कामा नये.

इथे एक धंद्याची युक्ती आहे. भिजायला किमान एक रात्र लागते, पण ती रात्र तुमच्या रॅम्पवरच जायला हवी असं कुठे आहे? ग्राहक चौकशीला आला की तिथल्या तिथे स्प्रे मारून द्या आणि तीन-चार दिवसांनंतरची तारीख द्या. मध्ये एकदा येऊन पुन्हा मारून घ्यायला सांगा. गाडी चालत राहते, इंजिनाच्या थरथरीने तेल आत उतरायला मदतच होते. मासळीवाल्याचा धंदा बुडत नाही आणि तुमचा रॅम्पही अडकत नाही. अट एकच: चिमट्यात खेळ जास्त असेल किंवा चिमटा गंजून पातळ झालेला दिसत असेल, तर गाडी चालवू द्यायची नाही.

पायरी २: मोकळं करणं. बॅटरीची वायर काढा. चेन कव्हर, चेन, ब्रेक रॉड, टॉर्क लिंक, मागचं चाक आणि शॉकअपचे खालचे बोल्ट काढा. सायलेन्सर किंवा फूटरेस्ट आड येत असेल तर तेही. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, वॉशर कुठल्या बाजूला होता हे संध्याकाळी आठवत नाही. चाक काढल्यावर गाडीचा तोल पुढे जातो, म्हणून फ्रेमखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा लावा. काही गाड्यांमध्ये हाच बोल्ट इंजिनालाही धरून असतो, तिथे इंजिनालाही आधार द्या.

पायरी ३: ठोकणं. नट काढून फेकू नका. तो बोल्टच्या टोकाला समपातळीत येईल इतका लावून ठेवा, म्हणजे आटे फुलणार नाहीत. वर पितळी रॉड धरा आणि जड हातोडीचा एक नीट घाव घाला. हलक्या हातोडीचे पन्नास घाव बोल्टचं टोक फुलवतात आणि मग तो भोकातून कधीच जात नाही. दोन किलोच्या हातोडीचे पाच सरळ घाव जास्त काम करतात.

एक काळजी घ्या. नळी पलीकडच्या कानाला टेकलेली असते. तुम्ही ठोकता तेव्हा तो धक्का त्या कानाला बसतो आणि कान बाहेरच्या बाजूला वाकू शकतो. म्हणून पलीकडच्या कानाला बाहेरून जड लोखंडी ठोकळ्याचा आधार द्यायला एक माणूस उभा करा. बोल्टच्या डोक्यासाठी ठोकळ्यात भोक हवं.

दहा-बारा घावांत एक मिलिमीटरही सरकला नाही, तर थांबा. परत स्प्रे मारा, दुसरं काम घ्या.

पायरी ४: दाबून ढकलणं. जाड सी क्लॅम्प किंवा पुलर घ्या. डोक्याच्या बाजूला जाड पाइपचा तुकडा ठेवा, म्हणजे बोल्टचं डोकं त्यात शिरू शकेल. दुसऱ्या बाजूने स्क्रूने बोल्ट दाबा. ताण आला की हातोडीने क्लॅम्पवर एक टोला. परत थोडं आवळा, परत टोला. असं करून सोडून द्या. कधी कधी दहा मिनिटांनी "टण्ण" आवाज येतो आणि बोल्ट स्वतःच सुटतो. या पद्धतीत जोर कानावरच फिरून येतो, बाकी फ्रेमला धक्का बसत नाही.

गॅसने तापवायचं का? हा प्रश्न मला कायम विचारतात. तापवल्याने भोक किती मोठं होतं बघा. लोखंड प्रत्येक अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश ते सव्वा लाखांश भाग वाढतं. १४ मिलिमीटरचं भोक २०० अंशांनी तापवलं तर वाढ होते सुमारे तीन शतांश मिलिमीटर. गंज फोडायला एवढी वाढ पुरते, पण भोवतालचं लोखंड गरम आणि बोल्ट थंड असेल तरच. रबरी बुशच्या गाडीत नळीच्या भोवती रबर आहे. तिथे आग लावली की रबर जळतं, घाणेरडा धूर होतो आणि नळी तशीच राहते. म्हणून स्प्लेंडरसारख्या गाडीत तापवणं मी शिकवत नाही. ग्रीस निप्पल असलेल्या, धातूच्या बुशच्या जुन्या गाड्यांत त्याचा उपयोग होतो. तेव्हा पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा, स्प्रे पुसून पूर्ण वाळू द्या, वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवा.

पायरी ५: कापणं. हे शेवटचं. चिमटा आणि फ्रेमचा कान यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून बोल्ट आणि नळी दोन्ही कापायची. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. ग्राइंडरची डिस्क त्या फटीत मावत नाही आणि फ्रेम मात्र खाते. ब्लेडच्या टोकाला जाड कापड गुंडाळा किंवा ब्लेडचं रेसिप्रो मशीन वापरा. कानाच्या बाजूला पत्र्याचा पातळ तुकडा धरा. बोल्ट कडक पोलादाचा असतो, ब्लेडवर तेलाचे थेंब सोडत सावकाश कापा. डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय हे काम सुरू करायचं नाही.

दोन्ही बाजू कापल्या की चिमटा खाली येतो. कानांत उरलेले तुकडे पंचने ठोकून निघतात. चिमट्यातला बुश हायड्रॉलिक प्रेसवर काढायचा. तुमच्याकडे प्रेस नसेल तर लेथवाल्याकडे न्या. हातोडीने बुश ठोकलात तर चिमट्याची नळी वाकते.

शिडी एवढी सांभाळून का चढायची? बोल्ट आणि बुश बदलता येतात, ते कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतात. फ्रेमचा कान फुटला तर मात्र तुम्ही वेगळ्याच संकटात पडता. चेसिस नंबर फ्रेमवर कोरलेला असतो. फ्रेम बदलायची म्हणजे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद. ग्राहकाची गाडी कितीतरी दिवस उभी आणि तुमचं नाव बाजारात. म्हणून वाचवायची ती फ्रेम, बळी द्यायचा तो बोल्ट.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यापुरते आहेत. कागद घेऊन तुमचे आकडे टाका.

समजा एका रॅम्पमागे भाडं, एका मेकॅनिकचा पगार, वीज, चहापाणी, हत्यारांची झीज मिळून महिन्याला ३६,००० रुपये जातात. महिन्याचे २४ दिवस काम, आणि दिवसाला प्रत्यक्ष बिल होईल असे ६ तास. म्हणजे १४४ तास. ३६,००० भागिले १४४ केलं की तासाला २५० रुपये. रॅम्पवर गाडी नुसती उभी असली तरी हे २५० जातच असतात.

साधं चिमटा बुशचं काम दीड तासाचं. खर्च ३७५. मजुरी ६०० घेतली तर उरले २२५. ठीक आहे.

आता तेच काम अडकलं आणि चार तास लागले. खर्च १,०००. वर स्प्रे आणि ब्लेड मिळून समजा १५०. तुम्ही सकाळी "सहाशे होतील" म्हणून बसलात. तोटा ५५० रुपये. म्हणजे अशा एका गाडीने अडीच साध्या गाड्यांची कमाई खाल्ली. आठवड्याला अशी एक गाडी आली की महिन्याला २,२०० रुपये गायब, आणि महिनाअखेर तुम्ही म्हणता, "काम तर भरपूर केलं, पैसे गेले कुठे?"

याच्या उलटही घडतं. काही जण भीतीने सगळ्यांनाच १,५०० सांगतात. मग ज्याचा बोल्ट पाच मिनिटांत सुटणार होता तो ग्राहक शेजारच्या गॅरेजला जातो आणि परत येत नाही.

म्हणून एक आकडा सांगायचाच नाही. तीन टप्प्यांचा दर सांगायचा:

- टप्पा अ: बोल्ट सरळ निघाला तर मजुरी ६००.
- टप्पा ब: ठोकून किंवा क्लॅम्पने काढावा लागला तर आणखी ५००. एकूण १,१००.
- टप्पा क: कापावा लागला तर आणखी ५००, आणि नवीन बोल्ट व प्रेसचा जो खर्च होईल तो वेगळा. मजुरी एकूण १,६००.

आता चार तासांचं काम बघा. मजुरी १,६००, खर्च १,१५०, उरले ४५०. ग्राहकाला फसवलं का? नाही. त्याचा बोल्ट साधा निघाला असता तर त्याने सहाशेच दिले असते.

टप्पा क सुरू करण्याआधी फोन करायचा. "हो" मिळाल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही. हे जॉब कार्डवर लिहून घ्या, तीन चौकोन छापून घ्या, सही घ्या. पार्ट्सचे पैसे आगाऊ घ्या. आणि काम झाल्यावर कापलेला बोल्ट कागदात गुंडाळून ग्राहकाच्या हातात द्या. गंजाने नळीत चिकटलेला तुकडा बघितला की बिलावर वाद होत नाही.

बोलायचं कसं?

आकडे बरोबर असून बोलणं चुकलं तरी ग्राहक जातो. मासळीवाल्या दादाशी असं बोला:

"दादा, हा पाना धरा. फिरवा. बघा, सोडला की परत येतोय. बोल्ट आत गंजलाय, खाऱ्या पाण्याने."

"मग किती होणार? एकच सांगा."

"एकच सांगितला तर एकतर तुम्हाला महाग पडेल, नाहीतर मला. सरळ निघाला तर सहाशे. ठोकावा लागला तर अकराशे. कापावाच लागला तर मजुरी सोळाशे, बोल्टचे वेगळे. कापायच्या आधी मी फोन करणार, तुम्ही हो म्हणालात तरच."

"गाडी किती दिवस ठेवायची? माझा रोजचा धंदा आहे."

"आज ठेवूच नका. आत्ता औषध मारून देतो. परवा जाता जाता परत मारून घ्या. तुमचा मासळीचा खप कमी असतो तो वार सांगा, त्या दिवशी सकाळी गाडी आणा."

शेवटचं वाक्य बघा. सोमवारी, गुरुवारी, किंवा श्रावणात अनेक घरांत मासळी शिजत नाही. त्याचा बंद दिवस तुमचा कामाचा दिवस. ग्राहकाच्या धंद्याचं वेळापत्रक ओळखणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

तो म्हणाला, "बाजूचा चारशेत करतो," तर भांडू नका. "त्यांना विचारा, बोल्ट अडकला तर किती घेणार, आणि फ्रेमला काही झालं तर कोण बघणार?" एवढंच विचारायला सांगा.

परत बसवताना

काढण्यात जीव गेला म्हणून बसवताना घाई करू नका. पुढच्या वेळी हाच चिमटा तुमच्याकडेच येणार आहे.

- चिमटा उलटा करून खालची बाजू बघा, पाणी तिथेच साचतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. आत घुसलं किंवा पत्रा दबला तर तो चिमटा बाद. वेल्डिंगचं थिगळ लावून देऊ नका. मागचं चाक त्यावर आहे, आणि चाकावर माणूस.
- कानांची भोकं बारीक पॉलिश पेपरने साफ करा.
- बुश, बोल्ट आणि नट तिन्ही नवीन. लॉक नट जुना वापरू नका.
- बोल्टला पूर्ण लांबीवर ग्रीस लावा. दोन चमचे ग्रीस आधी असतं तर आजचं अर्धं काम वाचलं असतं.
- रबरी बुशच्या गाडीत नटाचा शेवटचा ताण चाक आणि शॉकअप बसवून, गाडी जमिनीवर घेऊन द्या. हवेत लटकलेल्या चिमट्याला नट आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. ताण किती द्यायचा ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे.
- चेनचा ताण, चाकाची सरळ रेषा आणि मागचा ब्रेक तपासा. मग एक फेरी मारून या आणि परत आल्यावर सगळे नट पुन्हा बघा.

गाडी देताना जॉब कार्डवर एक ओळ लिहा: "चिमटा बोल्ट ग्रीससह बसवला," आणि तारीख. खाऱ्या पाण्याच्या गाडीला दर पावसाळ्यानंतर बोल्ट काढून ग्रीस करायला बोलवा. तेव्हा तो अर्ध्या तासात निघेल, मजुरी छोटी, पण दरवर्षीची. मासळीवाले, दूधवाले, पाण्याचे जार पोचवणारे अशा पंधरा-वीस गाड्यांची वही तयार झाली की ऑक्टोबरमध्ये रॅम्प रिकामा राहत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या धंद्याचा तासाचा खर्च काढा. भाड्यापासून चहापर्यंत सगळं धरा. दुकान अजून सुरू केलं नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारून अंदाजे काढा.

२. तुमच्या धंद्यातला "अडकलेला बोल्ट" कोणता ते लिहा. प्लंबरसाठी तो भिंतीतला जुना पाइप असेल, मोबाईलवाल्यासाठी पाण्यात पडलेला फोन.

३. त्या कामासाठी अ, ब, क असे तीन टप्पे करा. प्रत्येक टप्प्यापुढे वेळ, खर्च आणि दर लिहा. कुठल्या टप्प्याआधी ग्राहकाला फोन करायचा, तिथे लाल रेघ मारा.

४. पाच मिनिटांत करता येईल अशी तुमची तपासणी कोणती, आणि ग्राहकाला आधी विचारायचे चार प्रश्न कोणते, तेही ठरवा.

हा कागद काउंटरच्या काचेखाली ठेवा. पुढचा ग्राहक "किती होतील?" म्हणून विचारेल तेव्हा तोंडाला येईल तो आकडा सांगू नका, कागद बघून सांगा. पुढच्या भागात आपण जॉब कार्ड बनवू, तेव्हा हाच कागद सोबत घेऊन बसा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.